परीक्षेआधी लागलेला निकाल

आत्या : आणि वर फोटोसुद्धा छापलाय! कादंबरीच्या तोंडी परीक्षेत पहिली आलीस गं भवाने, आणि घरात कुणाला पत्ता नाही?

मुलगी : आत्या, परीक्षा उद्या आहे.

आत्या : कुठली?

मुलगी : जिच्यात मी पहिली आले, ती.

बाबा : ताई, तो पेपर घडी घालून ठेव. असं काही झालेलंच नाही.

आत्या : अरे, तुझ्याच पेपरात आलंय! जन्म गेला तुझा तिथे बातम्या तपासण्यात.

बाबा : म्हणून तर खात्रीनं सांगतोय. चल बाळ, मी परीक्षक. विचारू?

मुलगी : विचारा.

बाबा : कादंबरीतला संपादक जो पूल बांधलाच नाही त्याच्या उद्घाटनाची बातमी छापतो. लेखकाने इथे अतिशयोक्ती कशी वापरली आहे?

मुलगी : पूल नसताना बातमी येते. वाचक पेपर हातात घेऊन नदीत उतरतात. बुडत बुडत पुलाच्या रुंदीचं कौतुक करतात.

बाबा : यात अतिशयोक्ती कुठली? पाहुणे आले होते ना?

मुलगी : आले होते.

बाबा : फीत कापली?

मुलगी : कापली.

बाबा : मग? एका पुलावाचून सगळं रीतसर झालं की. बरं, दुसऱ्या दिवशी संपादक काय करतो?

मुलगी : खुलासा छापतो. ‘कालच्या अंकात पूल असे छापले गेले, तेथे नदी असे वाचावे. तसदीबद्दल दिलगीर आहोत.’

बाबा : चोख काम. असा माणूस हल्ली मिळत नाही.

मुलगी : बाबा, हे विनोदी आहे! वर्गात सगळे पोट धरून हसले.

बाबा : वर्गातल्यांना पेपरात नोकरी कुठे करायचीय?

आत्या : तुमचा तो पूल गेला खड्ड्यात! मी सकाळपासून गावभर फोन केलेत. हिच्या मावशीला तर दोनदा केला, पहिल्यांदा ती पुरेशी जळली नाही म्हणून. आता काय सांगू?

मुलगी : थांब. सरांचा मेसेज आलाय.

आत्या : अभिनंदन केलं असेल.

मुलगी : ‘निकाल वाचला. परीक्षक कोण होते?’

आत्या : अगं बाई!

मुलगी : परीक्षक तेच आहेत, आत्या. बाबा, पहिली येईल तिलाच पुढच्या शिक्षणाला पाठवणार आहेत. उद्या सर मला उंबऱ्यावरूनच परत पाठवतील. हे झालं कसं?

बाबा : पद्धतशीर झालं. कुठलाही निकाल लागायच्या आधी आम्ही दोन बातम्या लिहून ठेवतो. जिंकल्याची एक, हरल्याची एक. पान लावणाऱ्याकडे दोन्ही असल्या की तो थांबतो, विचारतो. एकच असली तर समजतो, निकाल लागला. काल एक जाहिरात ऐनवेळी रद्द झाली. पानावर भोक पडलं. त्याने ते बुजवलं.

मुलगी : माझ्या बातमीनं?

बाबा : मापात बसली अगदी. मी उद्याच खुलासा टाकतो. ‘पहिली आली असे छापले गेले, तेथे परीक्षेस बसणार आहे असे वाचावे.’

आत्या : खबरदार! मावशी तो खुलासा चौकट करून भिंतीला लावेल.

मुलगी : खुलासा नको, बाबा. मी येते पहिली. मग बातमी खोटी राहणारच नाही.

बाबा : आणि नाही आलीस तर?

मुलगी : तर तुमची ती दुसरी बातमी लावा. हरल्याची. ती आहेच ना लिहिलेली?

बाबा : आधी पुढचा प्रश्न घेऊ.

मुलगी : बाबा, पान लावणाऱ्याकडे एकच का गेली?

(बाबा चष्मा पुसतात. बराच वेळ पुसतात. चष्मा आधीपासूनच स्वच्छ आहे.)

बाबा : दुसरी लिहायला बसलो होतो. ‘थोडक्यात हुकले’पर्यंत आलो. मग म्हटलं, चहा घेऊन येऊ. चहा घेतला. मग म्हटलं, जेवून येऊ.

आत्या : आणि?

बाबा : आणि घरी आलो.

आत्या : इतकी वर्षं लोकांच्या पोरांना बिनदिक्कत हरवलंस की रे मेल्या!

बाबा : त्यांना कुठे माझ्या हातची पोळी खायची होती?

मुलगी : बाबा, मला अतिशयोक्ती सापडली.

बाबा : कुठल्या पानावर?

मुलगी : पान पाच. ‘या कुशाग्र विद्यार्थिनीपुढे परीक्षकही निरुत्तर झाले.’

बाबा : ती वस्तुस्थिती आहे. सरांनी मेसेजमध्ये प्रश्नच विचारलाय, उत्तर कुठे दिलंय?

आत्या : हसता काय दोघं? त्या सरांना काय कळवायचं ते ठरवा आधी!

मुलगी : बाबा, कागद घ्या. तुमच्या ऑफिसच्या भाषेत लिहा. सरांना हसू आलं तर मी निम्मी पास.

बाबा : सांग.

मुलगी : ‘प्रति, परीक्षा विभाग. महोदय, सदर विद्यार्थिनीचा निकाल यापूर्वीच प्रसिद्ध झालेला असून नातेवाइकांना तो कळवण्यात आलेला आहे...’

आत्या : मावशीला दोनदा, हेही घाल.

मुलगी : ‘...पैकी एकीस दोन वेळा. तरी उद्याची परीक्षा सदर निकालास बाधा येणार नाही अशा बेताने घेण्यात यावी, ही नम्र विनंती.’