अठरा सप्टेंबरची भट्टी

चिलीतल्या अताकामा वाळवंटातल्या आमच्या रेडिओ दुर्बिणीच्या भोजनगृहात सकाळी साडेसातला पाव येतो आणि पावणेआठला चहा उकळतो. त्या मंगळवारी रांगेत माझ्यापुढे संशोधक हिमेना उभी होती. ओट्यापलीकडे स्वयंपाकीण एदुविना.

"पोरी, तोंड का उतरलंय?"

"एका जवळच्या दीर्घिकेतलं कृष्णविवर आज शोधनिबंधातून काढून टाकतेय, मावशी. तीन वर्षं त्याच्या मागे होते. त्याच्या रेडिओ लहरी इतक्या क्षीण, की एकदाच टिपता आल्या."

"मग काढतेस कशाला?"

"त्या लहरी तुमच्या विजेच्या ओव्हनच्या ठिणग्यांच्या असणार. बटण बिघडलं होतं ना त्याचं?"

"घ्या! खापर माझ्यावरच. कधीची गोष्ट?"

"अठरा सप्टेंबर, दुपारी."

"अगं, अठरा म्हणजे देशाचा सण! त्या दिवशी सारण भरलेल्या एम्पनादा मी अंगणातल्या मातीच्या भट्टीत भाजते, लाकडांवर. ओव्हनची वायर दिवसभर काढून ठेवली होती. तूच चार खाल्ल्यास की!"

"पाच."

"मग?"

"मावशी, तुमचे उपकार कसे फेडू?"

"पाव गार होतोय. आधी खा."

हिमेना खिडकीशी, माझ्या शेजारी बसली. लॅपटॉप उघडून तिने खोडलेला परिच्छेद पुन्हा जागेवर आणला. मग आभाराच्या यादीत, अभियंत्यांच्याही वर, 'एदुविना मामानी' हे मावशींचं पूर्ण नाव लिहिलं आणि पाव खायला घेतला.