चन्नबसप्पाचा सूर

लातूरच्या स्टँडवर नांदेडच्या गाडीसाठी बाकावर बसलेल्या सिंधूच्या मागं दोन म्हातारे मधे गिटार ठेवून भांडत होते.

"चन्नबसप्पा, आपलं जुनं गाणं म्हणून दाखव."

त्यानं 'पाणी कुठं हाय' म्हटलं. सिंधूची मान आपोआप डोलली.

"वाटोळं केलंस, पार गोड करून टाकलंस गाणं! लातूर नवा जिल्हा झाला त्या सोहळ्यात, असल्याच दुष्काळात, तू हे किंचाळलास अन् साहेबलोकांनी आपला बँड हाकलला."

"तवापासून भजनात बसून राहिलो, शेषेराव. आता सूर लागतो."

"तीच तर पंचाईत हाय. आज बँड पुन्हा वाजणार अन् लोकं माना डोलवून घरी जाणार."

"मग मी काय करू?"

"तुझ्या नळाला पाणी कधी आलतं?"

"नळाला? महिना झाला रे, महिना!"

आवाज असा फाटला, की सिंधू दचकून उभीच राहिली.

"हां, असं! चल, गाडी लागली."