अडुसष्टवर ठेव

ओविदिओ : ...एकाही सिगारीला चीर नाही, नेरेइदा. बुरशीचा ठिपका नाही, किडीचं भोक नाही. हे बघ, दाबून बघ. बोट काढलं की परत फुगते. आमच्या दुकानात एवढी काचेची खोली आहे, तरी अशा राहत नाहीत.

नेरेइदा : कॉफी निवतेय तुझी.

ओविदिओ : अगं, वरचं पान बघ तरी! तेल चोळल्यासारखं चमकतंय. मी स्पेनला निघालो त्या आठवड्यात वळलेल्या या. बाबांचा हात तो हात. कोणी सांभाळल्या इतक्या नीट? तू?

नेरेइदा : मी नाही. माझ्या हातात असतं तर कधीच भुगा झाला असता त्यांचा.

ओविदिओ : काय बोलतेस! बाबांची आठवण आहे ती.

नेरेइदा : त्यांना पुरून महिना झाला. तू काल आलास, आईच्या गळ्यात पडून रडलास, आणि आज उठल्यावर पहिलं काय उघडलंस? पेटी. कबरीकडे पाय वळले का?

ओविदिओ : संध्याकाळी जाणार आहे. मालक सोडेना, तिकीट मिळेना, सगळं माहीत आहे तुला. आल्या आल्या भांडण काढू नको.

नेरेइदा : भांडत नाही. तू विचारलंस म्हणून सांगते. ते ओल शोषणारं यंत्र दिसतंय बाबांच्या खाटेशेजारी?

ओविदिओ : दिसतंय की. मीच तर पाठवलं होतं, शेजारच्या लिसांद्रोबरोबर. इथली हवा म्हणजे ओलं फडकं. हे नसतं तर पेटीत बुरशीचा कापूस उगवला असता.

नेरेइदा : आकडा वाच त्याच्यावरचा.

ओविदिओ : अडुसष्ट टक्के. बरोबर आहे. मीच सांगितला होता. सत्तरला ओढायला जड जाते, पासष्टला चालून जातं, पण त्याच्या फार खाली गेलात की पानाचा जीव जातो.

नेरेइदा : आणि माणसाचा? तो कितीला जातो?

ओविदिओ : म्हणजे?

नेरेइदा : मान वर कर. खाटेमागची भिंत बघ. मुद्दाम पुसली नाही मी. वादळात छप्पर उडालं तेव्हापासून ती पाणी धरते. हिरवी झालीय, तुझ्या खांद्यापर्यंत. तिला डोकं लावून झोपायचे बाबा. झोपायचे कसले, बसायचे. पाठीला उशा, तोंड उघडं, आणि छातीत नुसती शिट्टी.

ओविदिओ : दमा त्यांना आधीपासून होता गं.

नेरेइदा : होता. म्हणून तर डॉक्टरीणबाई घरी आल्या. भिंतीला हात लावला, हुंगला, आणि म्हणाल्या, ही खोली कोरडी करा. पन्नासच्या वर एक टक्का ओल नको. मला हायसं वाटलं रे. म्हटलं, यंत्र आहे की घरात! लावलं पन्नासवर.

ओविदिओ : पन्नास? आणि सिगारी...

नेरेइदा : बघ. तेच आलं तुझ्या तोंडात. त्यांच्याही तेच आलं होतं.

ओविदिओ : तसं नाही. म्हणजे पेटी दुसरीकडे ठेवायची होती. स्वयंपाकघरात.

नेरेइदा : स्वयंपाकघर गळतं. आईच्या खोलीत ठेवलेल्या बुटांनासुद्धा बुरशी चढते. काचेच्या बरणीत घालून झाकण लावू म्हटलं, तर म्हणाले, पेरूचा मुरांबा आहे का तो? पानाला श्वास लागतो, म्हणे. पानाला! यंत्र एक, कोरडी होईल अशी खोली एक, आणि पेटी त्यांच्या उशापासून हलेना.

ओविदिओ : मग?

नेरेइदा : मग काय. पहिले काही आठवडे त्यांना कळलंच नाही. आडवे झोपत होते, ओविदिओ. पाठ टेकून, पाय लांब करून. मी दारात उभी राहून बघायची. घोरायचेसुद्धा. एक दिवस पेटी उघडली, एक सिगार कानाशी धरून दाबली. करकर वाजली. माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी घरात चोरी केलीय. म्हणाले, भावाचा मत्सर करायलाही काही मर्यादा असते.

ओविदिओ : मत्सर म्हणाले?

नेरेइदा : हो. त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. पाठ चोळून घ्यायचे, औषध घ्यायचे, पण बोलायचे नाहीत.

ओविदिओ : मला सांगायचं होतंस.

नेरेइदा : सांगितलं नाही? बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून घरचा फोन सोडून, रेंजसाठी तंबाखूच्या वखारीमागची टेकडी चढले होते मी. म्हटलं, तू त्यांना सांग, बाबा, पन्नासला काही होत नाही. तुझं ऐकतील ते. खोटं बोल. एवढं एकच वाक्य मागितलं होतं तुझ्याकडे.

ओविदिओ : खोकला वाढलाय म्हणालीस तू. खोकला!

नेरेइदा : मी श्वास लागतो म्हणाले होते.

ओविदिओ : आवाज तुटत होता, नेरेइदा. शपथ.

नेरेइदा : आणि त्यांना फोन केलास तेव्हा नाही तुटला? अडुसष्ट कसं स्वच्छ ऐकू आलं त्यांना?

ओविदिओ : त्यांनी मला विचारलं गं. ‘ओविदिओ, तुझ्या दुकानात किती ठेवतात? तू सांगशील तसं करतो.’ मला! चार लोकांसमोर वळायच्या बाकावरून उठवलं होतं मला त्यांनी, याच्या हातात पान मरतं म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा तंबाखूतलं काही मला विचारत होते. त्यांना मी खोटा आकडा सांगू?

नेरेइदा : हो. सांगायचा होतास.

ओविदिओ : तुला बोलायला काय जातं.

नेरेइदा : मला काय जातं? मला तर त्यांनी कधी काहीच विचारलं नाही. ना खरा आकडा, ना खोटा.

आई : किती आरडाओरडा करता रे! समोरच्या एउलालिआने खिडकी उघडली.

ओविदिओ : ये आई, बस. काही नाही, जुन्या गोष्टी.

आई : जुन्या कुठल्या. स्वयंपाकघरात सगळं ऐकलं मी. त्याला सांगितलंस का गं, यंत्र कोण फिरवायचं ते?

नेरेइदा : नाही सांगितलं. तू मध्ये पडू नको, आई.

आई : मी फिरवायचे, ओविदिओ. ही मळ्यावर गेली की मी अडुसष्टवर करायचे. ही आली की पन्नासवर. पुन्हा हिची पाठ वळली की अडुसष्टवर.

ओविदिओ : पण का, आई? तुला दिसत होतं ना?

आई : दिसत होतं. आंधळी आहे का मी? पण म्हातारा जेवायचाच नाही. ताट सरकवून द्यायचा. म्हणायचा, पोरगा इतक्या लांबून येईल, त्याला काय वाळका पाला ओढायला देऊ? ओसरीवर दोघं बसू, एकदा तरी बसू. तू म्हणाला होतास डिसेंबरात येतो.

ओविदिओ : येणारच होतो.

आई : नाही आलास. मग म्हणालास ईस्टरला. तो मला विचारायचा, आकडा बघ. मी म्हणायचे, अडुसष्ट. तेवढं ऐकून दोन घास खायचा. मी काय करायला हवं होतं, तू सांग. हिने मला त्याबद्दल अजून माफ केलेलं नाही. भांडी आदळते, बोलत नाही.

नेरेइदा : माफ करायला मी कोण? त्या पावसात लिसांद्रोच्या ट्रॅक्टरवर त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखान्याच्या वळणापर्यंतही पोचले नाहीत. ओठ जांभळे पडले होते. आणि मला म्हणतात काय, पेटीचं झाकण नीट लाव.

ओविदिओ : पन्नासवर ठेवलं असतं तर वाचले असते का?

नेरेइदा : डॉक्टरीणबाई म्हणतात, सांगता येत नाही. मला एवढंच माहीत आहे की पन्नासवर होतं तेव्हा ते आडवे झोपत होते.

ओविदिओ : मला नकोत या. मी नेणार नाही. त्यांच्याबरोबर पुरायला हव्या होत्या.

आई : गप रे. तो यांना इतका जीव लावून बसला ते पुरायला? ओढ एक. ओसरीवर बस आणि ओढ. त्याची तेवढीच इच्छा होती.

ओविदिओ : आई, मी... मी सोडलीय.

आई : काय सोडलंस?

ओविदिओ : सिगार. सगळंच. दुकानात विकतो, पण ओढत नाही. माझी पोर, मार्तिना झाली ना, तेव्हापासून. तिला बाबांसारखंच आहे, छातीचं. घरात धूर नको म्हणाले डॉक्टर. ओल नको.

नेरेइदा : ओल नको.

ओविदिओ : हो.

नेरेइदा : यंत्र असेल मग. तुझ्याकडेही.

ओविदिओ : आहे.

नेरेइदा : कितीवर असतं?

ओविदिओ : नेरेइदा...

नेरेइदा : आकडा सांग. आकडे चांगले येतात तुला.

ओविदिओ : पंचेचाळीस.

नेरेइदा : म्हणजे तुला माहीत होतं.

ओविदिओ : तिचं माहीत होतं. बाबांचं डोक्यातच आलं नाही गं. देवाशपथ. ते फोनवर फक्त सिगारींबद्दल बोलायचे. मीपण सिगारींबद्दलच बोलायचो.

नेरेइदा : आई, ऐकलंस? पंचेचाळीस.

आई : ऐकलं. आण ती पेटी इकडे.

ओविदिओ : काय करतेस?

आई : लग्नाआधी पानं निवडायला बसायचो आम्ही बायका, तेव्हा ओढायचे मी. तुमच्या बापानेच सोडायला लावली. म्हणाला, बायकांच्या तोंडात शोभत नाही. काडेपेटी दे.

ओविदिओ : आई, राहू दे. तुझं वय...

आई : काडेपेटी दे म्हटलं ना.

(आई खाटेच्या कडेवर बसून सिगार पेटवते. दोन-तीन झुरके घेते.)

ओविदिओ : कशी आहे?

आई : छान. सरळ जळतेय. घशाला जराही लागत नाही. मऊ.

नेरेइदा : खोलीत फार धूर कोंडलाय, आई. खिडकी उघडते.

आई : राहू दे बंद. आता कोण खोकणार आहे इथे?