शेवटची ओळ

डोळ्यांच्या दवाखान्यात, लायसन्ससाठीच्या तपासणीची वाट बघणाऱ्या ट्रकचालकाच्या शेजारी एक वयस्कर जोडपं बसलं होतं.

"आपल्या देशातलं विमानाचं लायसन्स इथेही चालतं, फक्त या डॉक्टरची सही हवी," म्हातारा बायकोला म्हणाला.

"तक्त्यावरची शेवटची ओळ म्हणा."

"पाच, आठ, दोन, सहा, नऊ."

"नऊ आधी, मग सहा. मागच्या वेळी इथेच चुकलात."

"झालंय गं पाठ."

"आणि धावपट्टी? तीही पाठ करणार?"

"वीस वर्षं विमान उडवलंय. आता मुलाच्या घरी नुसता बसून राहू?"



"आजोबा, तीन नंबरच्या दारातून या," नर्सने हाक मारली.

समोरच्या तिन्ही दारांवर हातभर उंचीचे आकडे होते. म्हातारा उठून उभा राहिला.

"अगं, तीन कुठलं?"

"नऊ आधी, मग सहा," म्हणत तिने त्याचा हात धरला आणि त्याला तीन नंबरच्या दाराकडे नेलं.