ह्या फोनला क्रॉस लागत न्हाई

न्हाई न्हाई, फोन बिघडला न्हाई, तसं म्हणल्याबिगर तुमी आला नसता — बसा की साहेब, त्या स्टुलावर बसा, पातेली सरकवते जरा. आवाज बी चांगला येतो अन् रेंज बी भरलेली हाय. मला येगळंच इचारायचंय, अन् आमचे मालक जेवायला घरी गेलेत, ते यायच्या आत इचारायचंय. एवढंच सांगा — ह्या फोनवर मी जे बोलते, ते दुसऱ्या कुणाच्या फोनात जातं का? जुन्या तारेच्या फोनला क्रॉस लागायचा न्हाई का, आपण माहेरी बोलायलोय अन् मधीच कुणीतरी दोघं कापसाचा भाव करायलेत — तसं? ह्या डब्याला तर खांबावरची तारच न्हाई. सगळं हवेतनं, छपरावरच्या दांडीतनं.

हसू नका हो. सकाळधरनं तुमचीच वाट बघायले.

काय म्हणलात? परत सांगा, हळू सांगा. अख्ख्या केजचं बोलणं एकाच हवेत, एकाच टायमाला — बरं — पर टावर प्रत्येकाला आपला आपला कोड देतो. अन् माजा कोड शेजारच्याच्या कोडात मिसळत न्हाई, किती बी जण बोलले तरी. माज्या कोडानं माजंच बोलणं उकलतं, दुसऱ्याला नुसती खरखर. म्हणजे मंगळवारच्या बाजारात सगळा कालवा असतो, पर कुणी कानडीत बोललं की माजा कान बराबर तिकडं जातो — माहेर बसवकल्याणकडचं माजं — तसंच की न्हाई? तसंच. म्हणजे चोरून ऐकायला येत न्हाई? पैसेवाल्याला बी न्हाई? कुणी मशीन-बिशीन आणली तरी? शपथ घ्या.

मग त्याला कळलं कसं?

आमचा जावाई हो. अंबाजोगाईचा. आता तोंड उघडलंच हाय तर सांगते — माजी थोरली, प्रणिता, तिला त्यानं रॉकेल ओतून काडी लावली. तिनं गोधडी अंगाला गुंडाळली म्हणून वाचली, खांदा अन् हात तेवढा गेला. जबाब काय दिला पोरीनं? स्टोचा भडका. सासू खाटेपाशीच उभी होती, दुसरं काय देईल? दवाखान्यात शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती, तिची लेक हुस्ना, आष्टीची, शिलाईचा क्लास चालवती, नवरा हैदर गाड्या दुरुस्त करतो. त्या बाईनं सगळं बघितलं अन् एका दुपारी मला जिन्यात गाठून म्हणली, मावशी, हिला परत धाडू नका, माज्याकडं द्या, आमच्या घरात हिला कोण हुडकायला येतंय? खरंच होतं की. जंगमाची पोर मुसलमानाच्या घरी असंल असं कुणाच्या ध्यानात येणार? मी दिली. कुणाला सांगितलं न्हाई. मालकाला बी न्हाई. पोरगी दवाखान्यातनं कुठंतरी निघून गेली, एवढंच मी म्हणले अन् रडले. रडू तर खरंच यायलं होतं.

अन् हा फोन घेतला तो तिच्यासाठीच. दुपारी गिऱ्हाईक नसतं, मालक त्या आतल्या गादीवर आडवे होतेत, घोरायला लागले की मी हुस्नाच्या घरी फोन लावते. पोरीशी कानडीतच बोलते, लहानपणापासनं आमची तीच सवय. परवा मी तिला इचारलं, आष्टीची हवा मानवली का ग, त्या शिलाईमशिनींच्या आवाजात तुला झोप येती का?

आज सकाळी त्याचा फोन आला, ह्याच फोनवर. लई गोड बोलला. सासूबाई, तब्येत कशी हाय. अन् मग हळूच — “आष्टीची हवा मानवली का हो तिला? त्या शिलाईमशिनींच्या आवाजात झोप येती का?”

माजंच बोलणं, साहेब. जसंच्या तसं. फक्त मराठीत.

मला वाटलं, हवेतनंच ऐकलं ह्यानं. तुमी म्हणता व्हायचं न्हाई. अन् हवेतनं ऐकलं तरी त्याला कानडी कुठं येती? त्याच्या घरात कुणालाच येत न्हाई. ह्या गल्लीत बी न्हाई. कानडी येती ती मला, पोरींना, अन् —

थांबा.

लगीन होऊन आले तवा मला मराठी येत नव्हती. माज्याशी बोलता यावं म्हणून हे रोज जेवताना एक-एक शब्द इचारायचे. पाण्याला काय म्हणतेत, मिठाला काय म्हणतेत. मीच शिकवली. लई हसायचो आमी. पुढं मला मराठी आली अन् ते कानडी बोलायचे थांबले, म्हणून मी समजले, ते कानडी इसरले.

परवा मी बोलत होते तवा घोरणं चालू होतं का? आठवंना. मला आठवंना हो. धाकटीला, अपेक्षाला, स्थळ आलंय, चार दिस झाले मालक एकच म्हणायलेत — थोरली नांदायला गेली की सगळं सुरळीत होईल, जावायानं माफी मागितलीय, माणूस चुकतो. वाईट न्हाईत हो ते. पोरीवर लई जीव त्यांचा. म्हणून तर भ्या वाटायलंय, त्यांना ते खरंच वाटतंय.

साहेब, तुमी दारात उभं ऱ्हावा. पांढरा सदरा, सायकल — दिसले की खाकरा.

हॅलो, हुस्ना? मल्लम्मा बोलायले. पनू कुठाय? समोर हाय? बरं. बरं. आईक, त्याला आष्टी कळलीय, मशिनी कळल्यात, शिलाईचे क्लास हुडकत आज न उद्या दारात येईल. काय? जीप? सकाळधरनं उभी हाय? क्लासच्या तोंडालाच? हुस्ना, दार लाव. हैदरभाईला म्हणावं मागच्या दारानं काढ तिला, बुरखा घाल, लांब ने. कुठं ते — न्हाई, सांगू नको! मला सांगूच नको. मी उद्या रडून इचारीन, शपथा घालीन, तरी बी नको. न्हाई, तिला फोन देऊ नको. आवाज ऐकला तर माज्यानं ठेववणार न्हाई. तिला म्हणावं, आई — काही म्हणू नको. जा.

खाकरलात? आले?

साहेब, ही वायर काढा. पटकन. तो फोनचा डबा बी उचला.

काही न्हाई हो, जेवण झालं का? हे फोनवाले साहेब. आपल्या दुकानात रेंजच येत न्हाई म्हणतेत, म्हणलं मग घेऊन जावा, ठेवून काय करायचं. — माज्याकडं काय बघता साहेब? रेंज न्हाई म्हणलात ना तुमी? छपरावरची दांडी बी काढून न्या. हां. जावा आता.