पाऊण तासावरची नणंद

विमानतळावरच्या रांगेत माझ्यापुढे दोघी अनोळखी बायका बोलत होत्या.

"अहो, तिथं पोचायला किती वेळ लागतो?"

"पाऊण तास. तीनशे किलोमीटर तर आहे."

"अगंबाई! बसनं अख्खा दिवस जातो."

"कोण असतं तिथं?"

"नणंद. तिच्या दोन्ही किडन्या गेल्यात. माझी जुळली. परवा ऑपरेशन."

"फार जीव दिसतो एकमेकींवर!"

"कसला जीव! सात वर्षं बोलणं नाही आमचं."

"मग तिनं मागितली कशी?"

"ती कशाला मागतेय! मीच डॉक्टरांना फोन केला."

"धन्य आहे बाई तुमची! भीती नाही वाटत?"

"ऑपरेशनची नाही. समोर गेल्यावर पहिला शब्द कोणता काढायचा, त्याची वाटते. बसनं गेले असते, तर विचाराला अख्खा दिवस मिळाला असता."