बबडीचा फुगा आणि माझं वजन

...आणि वर मलाच दम! "तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही!" कोण म्हणतंय? परीक्षक बाई! पाऊस नाही, ऊन नाही, तरी हातात छत्री, आणि ती थेट माझ्या पोटाकडे रोखून, "आज मुलीची परीक्षा आहे, वडिलांची नाही." बरं बाई! आता तुम्हाला सांगतो, माणसं टोपलीत घालायची, गरम हवेच्या फुग्याने वर न्यायची आणि जेवढी नेली तेवढी सगळी खाली आणायची, ह्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. बबडी, म्हणजे माझी लेक, माझ्याच टोपलीत, माझ्याच पोटाला टेकून शिकली, आज पहिल्यांदा एकटी उडणार, आणि मी गप्प बसायचं! बसलो गप्प. बोललो का काही? एक अक्षर नाही!

फक्त म्हटलं, "सिलेंडर उघडलास का?" आता हे बोलणं झालं का? ही चौकशी झाली! "उघडला, बाबा." "दोरी मोकळी आहे ना?" "आहे, बाबा." "थांब, मीच बघतो." आणि चढलो टोपलीत. आता माझं टोपलीत चढणं म्हणजे काय, हे बघणाऱ्यालाच माहीत... आधी एक पाय, मग पोट, मग बराच वेळ काहीच नाही, मग दुसरा पाय. तोवर बबडी बिचारी बर्नर पेटवून फुगा उभा ठेवतेय, डोक्यावर ज्वाळा भस्सकन उठतेय, कापड टरारून फुगलंय, आणि मी दोरी चाचपतोय. दोरीला काय होणार होतं? काही नाही. पण बापाचा हात हो... कुठेतरी जायला नको का?

आता ह्यात गोम काय आहे ती ऐका. फुग्याला ना चाक, ना ब्रेक. वर जायचं तर आतली हवा तापवायची, तापली की ती हलकी होते आणि आपल्याला घेऊन वर निघते. खाली यायचं तर? काही करायचं नाही! गप्प उभं राहायचं, हवा गार होते, फुगा उतरतो. अगदीच घाई असेल तर दोरी ओढायची, डोक्यावरचं झाकण उघडतं, गरम हवा निसटते. पण किती तापवायचं? टोपलीत वजन असेल तेवढं! आणि बबडीने फुगा तापवला होता दोघांसाठी. त्यातला एक मी!

"बाबा, उतरा आता." "उतरतो." "बाबा, उतरा ना!" तिकडून बाईंची छत्री वर झाली, इकडून आमची ही ओरडली, "अहो, उतरताय की मी येऊ?" आणि मी, जो अख्ख्या जगाला सांगत आलो की सांगितल्याशिवाय टोपलीतून हलू नका, तो मी चिडून टुणकन उडी मारून बाहेर! कधी नव्हे ती टुणकन!

गेला की हो फुगा! सुटलाच! बर्नरला हात नाही, काही नाही, नुसता माझा भार उतरल्यावर पोरगी लिफ्टमध्ये बसल्यासारखी सरळ वर! खालून मला तिची हनुवटी दिसली, मग टोपलीचं बूड दिसलं, मग काही दिसेना, कारण डोळ्यांत पाणी. बाई वहीत काहीतरी खरडत होत्या. बोललो का मी? एक अक्षर नाही! तोंडच उघडेना.

मग मीच जीप चालवायला बसलो आणि निघालो मागे. फुग्याच्या मागे जीप लागतेच, तो कुठे उतरेल हे त्यालाच माहीत नसतं! ही शेजारी, बाई मागे, आणि वॉकीटॉकी हिच्या मांडीखाली. "दे इकडे," म्हटलं. "मिळणार नाही!" अगं, पण तिकडे काय चाललंय बघ! खालचा वारा मोकळ्या मैदानांकडे नेतो आणि वरचा वारा सरळ मोठ्या तळ्यावर. पोरगी पोचली वरच्या वाऱ्यात, निघाली तळ्याकडे! माझा वजनदार देह सोबत असला की फुगा कसा शहाण्यासारखा उतरतो, पण एकट्या बबडीला घेऊन तो कशाला उतरतोय? तरंगतोय आपला मजेत! तिला कुठलं माहीत, ती उडाली ती नेहमी माझ्यासकट! मी खिडकीतून डोकं काढून, "दोरी ओढ! ओढ गं बबडे!" तिला ऐकू जाणार आहे का? रस्त्यावरच्या एका सायकलवाल्याला गेलं, तो घाबरून उतरला. बाई म्हणाल्या, "हे बोलणंच झालं." हे बोलणं नाही हो बाई, हा जीव आहे, तो तोंडातून बाहेर पडतोय, त्याला मी काय करू?

तळ्याचा काठ आला. आमची ही एकदम गप्प झाली. ही गप्प झाली की मला खरी भीती वाटते. तिने वॉकीटॉकी काढून मुकाट्याने माझ्या हातात ठेवला. मी बटणावर बोट ठेवलं... आणि वर बघितलं. बबडीने दोरी ओढली होती. थोडीशीच! मग सोडली. थांबली. पुन्हा थोडीशी. घाबरलेला माणूस दोरी धरून लोंबकळतो हो, बबडी मोजून मापून ओढत होती! फुगा उतरला, खालच्या वाऱ्यात शिरला आणि काठावरून अलगद वळून मैदानाकडे निघाला. बटण मी दाबलंच नाही. खरंच एक अक्षर बोललो नाही. ही माझा हात धरून रडत होती आणि मी गिअर बदलू शकत नव्हतो.

उतरली कुठे? ड्रायव्हिंग स्कूलच्या मैदानात! शिकाऊ गाड्यांच्या मधोमध टोपली टेकली, आणि ड्रायव्हिंगचे मास्तर शिट्टी फुंकत धावले, "ओ ताई! इथे आडवं लावायचं नाही! हात तरी दाखवायचा!" गाड्या इतक्या, की कापड आडवं करायला जागाच नाही. म्हणजे फुगा उभाच ठेवायचा आणि तसाच कोपऱ्यात न्यायचा. आणि बबडीला तर आईकडे धावायचं होतं. पण दुसरं कुणी आत आल्याशिवाय बाहेर पडता येत नाही, नाहीतर फुगा चालला पुन्हा वर.

"बाबा, तुम्ही या आत!"

चढलो. मास्तरांनी मागून ढकललं. क्षणभर आम्ही दोघंच टोपलीत. बबडी हळूच म्हणाली, "बाबा, वर फार शांत होतं हो. तुमचा आवाजच नव्हता." म्हटलं, "बरं वाटलं असेल." तर म्हणते, "नाही ना... करमेनाच."

आणि गेली उडी मारून. आईच्या गळ्यात पडली, बाईंनी छत्री काखेत मारून हातात हात दिला, पास! शिकाऊ पोरांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी ओरडलं, "फोटो, फोटो!" बबडी हाका मारतेय, "बाबा, या ना!" कसा येऊ? मी उतरलो की फुगा गेला! "काढा तुम्ही," म्हटलं, आणि बर्नर पेटवत राहिलो.

तो फोटो आता दिवाणखान्यात लावलाय, मोठा करून. मधे बबडी, एका बाजूला तिची आई, दुसऱ्या बाजूला ते मास्तर, गळ्यात शिट्टी, ऊर भरून आल्यासारखे उभे. मी नाही. येणारा प्रत्येक पाहुणा त्या मास्तरांकडे बोट दाखवतो, "लेक अगदी वडिलांवर गेलीय हं!" सुरुवातीला सांगत होतो मी. आता म्हणतो, हो हो, अगदी... चहा घ्या.